घराघरांत एस्प्रेसो नेणारा ओतारी

लग्नाच्या स्वागत समारंभात एका कोपऱ्यात फुसफुसणारे यंत्र, कपावर दाटलेला दुधाचा फेस आणि त्यावर भुरभुरलेली चॉकलेटची पूड. मराठी माणसाच्या मनात एस्प्रेसो या शब्दाभोवती अनेक वर्षे हेच चित्र होते. या शब्दाची जन्मभूमी असलेल्या इटलीतील एस्प्रेसो मात्र निराळी. दोन घोटांत संपणारी, काळीभोर, कडक आणि दाबाखाली क्षणार्धात उतरवलेली अशी ती कॉफी. ती पिण्यासाठी इटालियन माणसालाही कित्येक दशके घराबाहेरच पडावे लागे. कारण ती बनविणारे यंत्र माणसाच्या उंचीला टेकणारे आणि सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे होते. हे यंत्र ओंजळीत मावेल एवढे लहान आणि शेगडीवर ठेवता येईल इतके सोपे करून ते स्वयंपाकघरात आणण्याचे श्रेय आल्फोन्सो बियालेत्ती यांच्याकडे जाते. ते ना शास्त्रज्ञ होते, ना कॉफीचे व्यापारी. ते अॅल्युमिनियमचे ओतकाम करणारे कारागीर होते.

उत्तर इटलीतील पिएमाँट प्रांतात, ओर्ता सरोवराच्या परिसरातील मोंतेबुल्यो या छोट्या वस्तीत 1888 साली बियालेत्ती यांचा जन्म झाला. आल्प्सच्या पायथ्याचा हा मुलूख निसर्गसुंदर असला, तरी पोटापाण्यासाठी माणसांना देशोधडीला लावणारा होता. तरुण आल्फोन्सो यांनीही सीमेपलीकडच्या फ्रान्सची वाट धरली. तेथील अॅल्युमिनियमच्या कारखान्यांत त्यांनी सुमारे दहा वर्षे काढली. त्या काळी अॅल्युमिनियम हा नवा धातू होता. वजनाला हलका, न गंजणारा आणि लोखंडाच्या मानाने पुष्कळच कमी उष्णतेवर वितळणारा. आपल्याकडे ज्याला जुन्या पिढीतील गृहिणी ‘जर्मन’ म्हणत आणि तांब्या-पितळेपुढे ज्याला दुय्यम लेखत, तोच हा धातू. बियालेत्ती यांनी त्याचा स्वभाव जवळून ओळखला.

पहिले महायुद्ध संपता संपता ते मायदेशी परतले. 1919 मध्ये ओमेन्या गावाजवळच्या क्रुसिनाल्लो येथे त्यांनी स्वतःची ओतशाळा सुरू केली. वितळलेला धातू ओतण्याच्या दोन पद्धती होत्या. वाळूच्या साच्यात ओतकाम करायचे, तर प्रत्येक नगासाठी साचा नव्याने बांधावा लागतो आणि नग निघाला की तो मोडावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत साचाच धातूचा असतो. तो तयार करण्यास खर्च आणि कसब दोन्ही लागते. मात्र एकदा तो साधला, की त्यातून एकसारखे नग पुनःपुन्हा काढता येतात. बियालेत्ती यांनी ही दुसरी पद्धत निवडली आणि कारखान्याच्या नावातही तिचा उल्लेख केला. प्रारंभी तेथे इतरांसाठी अॅल्युमिनियमचे अर्धवट तयार भाग ओतले जात. पुढे त्यात घरगुती वस्तूंची भर पडली. सरोवराकाठच्या गावातील असंख्य कारखान्यांसारखाच हा एक कारखाना होता.

शहरात यंत्र, घरात प्रतीक्षा

त्या वेळी इटलीत एस्प्रेसोचे युग सुरू होऊन दोन-तीन दशके लोटली होती. वाफेच्या बळावर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचे पहिले पेटंट 1884 साली याच पिएमाँट प्रांतातील तुरिन शहरात अँजेलो मोरिओंदो यांनी घेतले होते. मोरिओंदो हॉटेल व्यावसायिक होते. त्यांनी मोजकीच यंत्रे घडविली आणि ती स्वतःच्या उपाहारगृहांपुरती ठेवली. कारखानदारीच्या वाटेला ते गेले नाहीत आणि परिणामी जगाला त्यांचे नाव दीर्घकाळ ठाऊकच नव्हते. पुढे मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी 1901 साली सुधारित यंत्राचे पेटंट मिळविले. तेही बाजारात रुजले ते देसिदेरिओ पाव्होनी यांनी हक्क विकत घेऊन 1905 पासून उत्पादन सुरू केल्यावर. कल्पना एकाची आणि विस्तार दुसऱ्याचा, हा या व्यवसायाचा जणू पायंडाच पडला होता.

ही यंत्रे कॅफेमध्ये विराजमान झाली, पण घरातील कॉफी जुन्याच पद्धतीने होत राहिली. कॅफे हे प्रामुख्याने पुरुषांचे बसण्या-उठण्याचे ठिकाण होते. घरातल्या स्त्रीच्या वाट्याला येई ती उलटसुलट करून गाळायच्या किटलीतील, सावकाश ठिबकणारी कॉफी. झटपट आणि कडक कॉफी घरी हवी असेल, तर तिच्यासाठी दाब हवा. दाबासाठी मजबूत, गळती नसलेले भांडे हवे आणि ते स्वस्तही हवे. गुंतागुंतीचा हा प्रश्न एका ओतशाळेत सुटला.

या शोधामागची सांगितली जाणारी कथा मोठी घरगुती आहे. त्या भागातील स्त्रिया कपडे उकळण्यासाठी एक मोठे पिंप वापरत. त्याच्या मध्यभागी पोकळ नळी असे. आपल्याकडच्या बंबाच्या मधोमधही नळी असते, पण तीत विस्तव असतो. येथे मात्र खालचे साबणाचे पाणी तापले, की ते नळीतून वर चढे आणि कपड्यांवर पसरून पुन्हा खाली झिरपे. आपल्या पत्नीला अशा पिंपात कपडे धुताना पाहून बियालेत्ती यांना नवी किटली सुचली, असे म्हणतात. या कथेत तथ्य किती आणि रंग किती, हे आज ठरविणे अवघड आहे. शिवाय या किटलीच्या रचनेचे श्रेय अनेकदा लुईजी दे पोंती यांनाही दिले जाते. पण कल्पना कोणाचीही असो, ती बाजारात विकता येईल अशा वस्तूत उतरविणारी ओतशाळा बियालेत्ती यांची होती, याबद्दल दुमत नाही.

आठ बाजूंची किटली

1933 साली ही किटली आकाराला आली. येमेनमधील कॉफीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या मोखा बंदरावरून तिचे नाव ठेवण्यात आले ‘मोका एक्स्प्रेस’. तिची रचना पाहिली, की ओताऱ्याची बुद्धी कशी चालते हे ध्यानात येते. खालच्या भांड्यात पाणी, त्यात बसणाऱ्या नाळक्यासारख्या गाळणीत दळलेली कॉफी आणि वर आटे पाडून घट्ट फिरविता येणारे दुसरे भांडे. दोहोंच्या मध्ये रबरी वायसर. शेगडीवर ठेवले, की खालच्या भांड्यातील हवा आणि वाफ पाण्यावर दाब देते. पाण्याला वर जाण्याखेरीज वाट उरत नाही. ते कॉफीच्या थरातून रेटत वरच्या भांड्यात उतरते. दाब अवाजवी वाढला तर तो बाहेर पडावा म्हणून खालच्या भांड्याला सेफ्टी व्हॉल्व्ह. मुठीला चटका बसू नये म्हणून ती बॅकेलाइटची. बाह्यांगाच्या आठ बाजू नुसत्या शोभेच्या नव्हेत. भांडे पिळून घट्ट करताना हाताला त्यांची पकड मिळते.

काटेकोरपणे पाहिल्यास ही एस्प्रेसो नव्हे. कॅफेतील आधुनिक यंत्र वातावरणाच्या सुमारे नऊपट दाबाने पाणी ढकलते. मोकाचा दाब त्याच्या तुलनेत फारच तोकडा. कॉफीवर सोनेरी साय आणणारी दाबाची किमया मिलानच्या आकिल्ले गाज्जा यांनी 1938 च्या पेटंटनंतर, युद्धोत्तर काळात साधली. 1952 च्या सुमारास त्यांच्या कंपनीने घरगुती यंत्रही काढले. पण दट्ट्या, स्प्रिंग आणि तरफ असलेले यंत्र कितीही लहान केले, तरी ते यंत्रच राहते. बियालेत्ती यांच्या किटलीत हलणारा भाग जवळजवळ नव्हताच. तिला वीज लागत नव्हती, दुरुस्तीसाठी कारागीर लागत नव्हता आणि तिचा मुख्य देह साच्यातून थेट बाहेर येत होता. नऊपट दाबाचा हट्ट सोडल्यामुळेच ती स्वस्त होऊ शकली. लघुउद्योजकाला कोठे थांबायचे हे कळणे किती महत्त्वाचे असते, याचे हे उत्तम उदाहरण ठरावे.

काळ मात्र विचित्र होता. इटलीत मुसोलिनीची राजवट होती. 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले आणि राष्ट्रसंघाने तिच्यावर आर्थिक निर्बंध लादले. त्यानंतर स्वयंपूर्णतेचा घोष वाढला. देशात बॉक्साइट सापडत असल्याने अॅल्युमिनियमला राष्ट्रीय धातूचा मान मिळाला. पण ज्या कॉफीसाठी ही किटली होती, ती परदेशातूनच यायची. एका हाताने काळ देत होता आणि दुसऱ्या हाताने काढून घेत होता.

आठवडी बाजारातील विक्री

बियालेत्ती यांची विक्रीची पद्धतही जुन्या वळणाची होती. पिएमाँटमधील गावोगावच्या आठवडी बाजारांत माल नेऊन ते विकत. देशव्यापी वितरण नाही, जाहिरात नाही. ओतशाळेत इतर अनेक वस्तूंचे उत्पादनही चालूच होते. दुसरे महायुद्ध इटलीच्या दाराशी येईपर्यंतच्या सहा-सात वर्षांत सुमारे 70 हजार किटल्या विकल्या गेल्या. म्हणजे वर्षाला साधारण दहा हजार. एका खेड्यातील ओतशाळेसाठी हा आकडा लहान नव्हता. पण कोट्यवधी लोकांच्या देशात तो नगण्य होता. 1940 मध्ये इटली युद्धात उतरली. धातू लष्कराकडे वळला, कॉफी मिळेनाशी झाली आणि किटलीचे उत्पादन थांबले. ज्या वस्तूने पुढे इटलीचे घरगुती जीवन बदलले, ती तेव्हाच इतिहासजमा झाली असती, तर कोणाला नवल वाटले नसते.

ती वाचली ती पुढच्या पिढीमुळे. त्यांचे पुत्र रेनातो जर्मनांच्या युद्धकैदेतून सुटून 1946 च्या सुमारास घरी परतले आणि कारखान्याची सूत्रे हळूहळू त्यांच्या हाती आली. या विशीतल्या तरुणाने किटलीत काहीही बदलले नाही. बदलले ते धंद्याचे गणित. वडील ओतशाळेत डझनावारी वस्तू करीत. मुलाने बाकीच्या वस्तू बंद करून सारी शक्ती एकाच किटलीमागे लावली. एकच वस्तू, तीच लहान-मोठ्या आकारांत. त्यामुळे साच्यांवरचा खर्च वसूल होऊ लागला, कामगारांचा हात एकाच कामावर बसला आणि उत्पादनाचा वेग वाढला. नवा, प्रशस्त कारखाना उभा राहिला.

माल वाढला, की तो खपवावा लागतो. रेनातो यांनी आठवडी बाजार सोडून मिलानच्या व्यापारी जत्रेकडे मोर्चा वळविला. जत्रेच्या दिवसांत शहरभर मोकाचे फलक झळकत आणि जत्रेत किटलीची प्रचंड प्रतिकृती उभारली जाई. वृत्तपत्रे आणि रेडिओनंतर 1957 पासून दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या लोकप्रिय कार्यक्रमाने ती घराघरांत पोहोचविली. मागोमाग नकला करणाऱ्यांची रांग लागली. साचा बनविता येणारा कोणीही आठ बाजूंची किटली ओतू शकत होता. तेव्हा व्यंगचित्रकार पाउल कांपानी यांनी रेखाटलेला, बोट उंचावून कॉफी मागणारा मिशाळ गृहस्थ प्रत्येक किटलीवर दिसू लागला. अस्सल मालाची ती ओळख बनली. हजारांत मोजली जाणारी वार्षिक विक्री लाखांवर गेली.

हे सारे पाहण्यासाठी आल्फोन्सो हयात होते. 1970 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा इटलीतील बहुतेक घरांची सकाळ त्यांच्या किटलीच्या खदखदण्याने सुरू होत होती. त्यांच्या कन्येचा विवाह त्याच परिसरातील आलेस्सी या भांडी बनविणाऱ्या घराण्यात झाला होता. आल्फोन्सो यांचे नातू आल्बेर्तो आलेस्सी यांनी पुढे नामांकित वास्तुरचनाकार आणि डिझायनरांकडून स्वयंपाकघरातील वस्तू घडवून घेतल्या. त्यांच्या कंपनीने 1979 मध्ये रिखार्ड झाप्पर यांच्याकडून करून घेतलेली एस्प्रेसो किटलीही गाजली. आजोबांची किटली आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

कंपनीचे पुढचे दिवस मात्र चढउताराचे गेले. 1980 च्या दशकात ती बियालेत्ती कुटुंबाच्या हातून गेली, मालकी बदलत राहिली आणि 2010 साली क्रुसिनाल्लोचा कारखाना बंद झाला. जेथे साचा बसला, तेथेच ओतकाम थांबले. विस्ताराची ही दुसरी बाजूही ध्यानात घ्यायला हवी. जगभर पसरलेली वस्तू अखेर आपल्या जन्मगावाची राहतेच असे नाही. 2016 च्या फेब्रुवारीत रेनातो यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या अस्थी एका मोठ्या मोका किटलीत ठेवून अखेरचा निरोप देण्यात आला.

वडिलांना धंदा वाढविता आला नाही आणि मुलाने तो वाढविला, असा या कहाणीचा सोपा अर्थ अनेकदा काढला जातो. तो अपुरा आहे. मुलाने लाखोंनी किटल्या काढल्या, त्या वडिलांनी 1919 मध्ये निवडलेल्या ओतकामाच्या पद्धतीमुळे. एकसारखे नग पुनःपुन्हा देणारा धातूचा साचा, स्वस्त धातू आणि न बिघडणारी रचना यांत विस्ताराची बीजे आधीच होती. त्यांना काळ, भांडवल आणि जाहिरात मिळायची होती. मोरिओंदो यांना असा वारस लाभला नाही म्हणून ते विस्मृतीत गेले. आल्फोन्सो बियालेत्ती यांना तो लाभला. पण वारसाच्या हाती देण्याजोगी, दोन पिढ्यांनंतरही बदलावी न लागणारी वस्तू घडविणे हे पहिले काम होते, आणि ते क्रुसिनाल्लोच्या त्या ओताऱ्याने चोख केले होते.