भूमिहीनांचा राजपुत्र

होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर उतरणाऱ्या पर्यटकाला कुहिओ हे नाव पावलोपावली भेटते. रस्ता कुहिओचा, पुळण कुहिओची. दरवर्षी २६ मार्चला हवाई राज्यात सरकारी सुट्टी असते, तीही त्यांच्याच जन्मदिनाची; १९४९ पासून ती पाळली जाते. राजा नाकारून जन्माला आलेल्या अमेरिकेत एका राजपुत्राचा जन्मदिवस साजरा व्हावा, याचे नवल वाटते. मात्र ज्या जमिनीसाठी या राजपुत्राने आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली, तिच्याविषयी त्या पुळणीवर पहुडलेल्या फारच थोड्यांना ठाऊक असते.

जोना कुहिओ कलानियनाओले यांचा जन्म १८७१ साली कवाई बेटावरील कोलोआ भागात झाला. वडील बालपणीच गेले आणि १८८४ मध्ये आईचेही छत्र हरपले. मावशी कापिओलानी ही राजा कालाकौआ यांची राणी. तिने या अनाथ भावंडांना पदरी घेतले आणि ते राजवाड्यात वाढले. (मावशीचे हे यजमान १८८१ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाले होते. कोलकात्याहून आगगाडीने ते मुंबईत आले आणि येथूनच पुढे इजिप्तकडे रवाना झाले. आपल्या शहराचा या कथेशी एवढाच काय तो संबंध.) मुलांना शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात पाठवण्यात आले. १८८५ मध्ये तेथील सांताक्रूझच्या किनाऱ्यावर लाकडी फळ्यांवर उभे राहून लाटांवर स्वार होणारी ही तीन भावंडे पाहून गावकरी थक्क झाले होते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील लाटास्वारीची पहिली नोंद ती हीच. गुबगुबीत चेहऱ्यामुळे आणि मिश्कील डोळ्यांमुळे कुहिओंना ‘प्रिन्स क्युपिड’ असे टोपणनाव पडले आणि ते जन्मभर चिकटले.

राजवैभव फार काळ टिकायचे नव्हते. १८९१ मध्ये कालाकौआ निवर्तले आणि त्यांची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. १७ जानेवारी १८९३ रोजी ऊस बागायतदार व व्यापारी यांच्या गटाने, बंदरातील अमेरिकी युद्धनौकेच्या सैनिकांचा धाक दाखवून, तिला पदच्युत केले. वारसाक्रमात असलेले कुहिओ एका दिवसात सामान्य नागरिक झाले. जानेवारी १८९५ मध्ये राणीच्या समर्थकांनी सशस्त्र उठाव केला, तो चिरडला गेला आणि तेवीस वर्षांच्या राजपुत्राला एका वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली. सुटका झाल्यावर १८९६ मध्ये त्यांनी एलिझाबेथ कहानू यांच्याशी विवाह केला. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई आपल्यात विलीन करून घेतले. परक्याच्या झेंड्याखाली राहण्यापेक्षा देशांतर बरे, अशा मनःस्थितीत पती-पत्नी प्रवासाला निघाले. बोअर युद्धाच्या काळात ते दक्षिण आफ्रिकेत होते.

१९०१ मध्ये ते परतले आणि राजकारणात उतरले. प्रथम त्यांनी स्वराज्यवादी होमरूल पक्षात प्रवेश केला. पण लवकरच तो सोडून ते रिपब्लिकन पक्षात, म्हणजे राणीला हुसकावून लावणाऱ्यांच्याच गोटात, दाखल झाले. थोरले बंधू डेव्हिड कावानानाकोआ मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचे. कुहिओंचा हा निर्णय अनेक हवाईयन देशबांधवांना रुचला नाही आणि आजही काहींना तो संधिसाधूपणा वाटतो. त्यात सोयीचा हिशेब नव्हताच, असे म्हणता येणार नाही. सत्ता बागायतदारांच्या हाती होती, त्यांना जनमानसात वजन असलेला राजवंशी चेहरा हवा होता आणि कुहिओंना वॉशिंग्टनची वाट हवी होती. १९०२ ची निवडणूक त्यांनी जिंकली. १९०३ पासून मृत्यूपर्यंत, एकूण दहा निवडणुका जिंकून, ते अमेरिकी काँग्रेसमध्ये हवाईचे प्रतिनिधी राहिले.

पण या पदाला मतदानाचा अधिकार नव्हता. हवाई हा केवळ प्रदेश होता, राज्य नव्हे. प्रतिनिधीने सभागृहात बोलावे, समित्यांपुढे बाजू मांडावी, विधेयके मांडावीत. मात्र हात वर करण्याची वेळ आली की गप्प बसावे. कुहिओंनी ही उणीव मैत्रीने भरून काढली. खासदारांना मेजवान्या दिल्या, पत्त्यांचे डाव मांडले, त्यांना जहाजाने हवाईला आणून बेटे दाखवली. पर्ल हार्बरसाठी निधी, ज्वालामुखींचे राष्ट्रीय उद्यान अशी कामे त्यांच्या कारकिर्दीत मार्गी लागली. हवाईला राज्याचा दर्जा देण्याचे पहिले विधेयकही त्यांनीच १९१९ मध्ये मांडले.

या साऱ्या काळात मायभूमीतील माणसे मात्र विरत चालली होती. गोऱ्यांबरोबर आलेल्या देवी, गोवर, क्षय अशा रोगांनी त्यांचा संहार केला होता. १९२० च्या जनगणनेत अमिश्र हवाईयन वंशाचे अवघे २३,७२३ लोक उरले. जे उरले त्यांच्या पायाखालची जमीनही गेली होती. याचे मूळ १८४८ च्या ‘माहेले’ नावाच्या जमीनवाटपात आहे. तोवर जमीन कोणाच्याच खासगी मालकीची नव्हती. राजा, सरदार आणि रयत यांचे तिच्यावर परस्परांत गुंतलेले हक्क होते. माहेलेने ती राजा, सरदार आणि सरकार यांच्यात वाटली. रयतेने आपापल्या कसत्या तुकड्यांवर दावे सांगावेत, अशी सोय पुढे झाली. पण मोजणी, साक्षीपुरावे आणि मुदती यांच्या जंजाळात सामान्यांच्या पदरात जेमतेम २८,६०० एकर पडले. एकूण भूमीच्या एक टक्क्याहूनही कमी! उरलेली खासगी जमीन विक्रीने आणि कर्जापोटी बागायतदारांकडे गेली. विलीनीकरणाच्या वेळी राजाच्या व सरकारच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी अमेरिकेच्या ताब्यात गेल्या. त्यांतील उत्तम जमिनींवर साखर कंपन्यांचे भाडेपट्टे होते.

शहरात आलेला हवाईयन होनोलुलूच्या कोंदट चाळवजा वस्त्यांत राहू लागला. टॅरो पिकवणारा आणि मासेमारी करणारा हा समाज जमिनीवर परतला तरच जगेल, अशी कुहिओंची धारणा झाली. १९१८ मध्ये त्यांनी हवाईयन सिव्हिक क्लबच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या वायकीकीच्या घराभोवतीचे उंच कुंपण पाडून किनारा सर्वांना खुला केला. साखर कंपन्यांचे अनेक सरकारी भाडेपट्टे याच सुमारास संपत होते. जमीन परत मागण्याची वेळ हीच, हे त्यांनी हेरले.

सिनेटर जॉन वाइझ आदी सहकाऱ्यांबरोबर आखलेली योजना अशी होती : सुमारे दोन लाख एकर सरकारी जमीन हवाईयनांसाठी राखून ठेवायची आणि ती वर्षाला एक डॉलर भाड्याने, ९९ वर्षांच्या पट्ट्याने कुटुंबांना द्यायची. शेतीसाठी प्रत्येकी २० ते ८० एकर मिळावेत, घर बांधायला व अवजारे घ्यायला कर्ज मिळावे. मालकी मात्र द्यायची नाही. मालकी दिली की जमीन विकली जाते, हे माहेलेने शिकवले होते. भाडेपट्ट्याची जमीन बाहेरच्याला विकता येणार नाही, हेच या योजनेचे मर्म होते.

विधेयक १९२० मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले. मग तडजोडीचे सत्र सुरू झाले. उसाखालच्या जमिनी योजनेतून वगळण्यात आल्या. कंपन्यांना एक हजार एकरांपेक्षा अधिक जमीन बाळगण्यास मनाई करणारी अटही शिथिल झाली. म्हणजे हवाईयनांच्या पुनर्वसनाच्या कायद्याने बागायतदारांचेच भाडेपट्टे सुरक्षित केले. लाभार्थी कोण, हा वाद त्याहून जिव्हारी लागणारा होता. हवाईयन रक्ताचा बत्तिसावा हिस्सा पुरेसा मानावा, असा कुहिओंचा आग्रह होता. विरोधकांना शुद्ध वंशाचेच लोक हवे होते. अखेर किमान निम्मे रक्त ही अट आली. समाज झपाट्याने मिश्र होत असताना अशी अट घालणे म्हणजे लाभार्थ्यांची संख्या पिढीगणिक घटत जाण्याची व्यवस्था करणे होते. राजपुत्राला हे कळत नसेल, असे मानणे कठीण आहे. तरीही त्यांनी मिळेल ते स्वीकारले.

९ जुलै १९२१ रोजी अध्यक्ष हार्डिंग यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. सुरुवातीची पाच वर्षे प्रयोगाची होती. अंमलबजावणीसाठी नेमलेल्या आयोगावर कुहिओ सदस्य म्हणून बसले. पण पहिली कुटुंबे मोलोकाई बेटावर कालामाउला येथे वसलेली त्यांना पाहता आली नाहीत. ७ जानेवारी १९२२ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, वायकीकी येथे त्यांचे निधन झाले. नुउआनूच्या राजदफनभूमीत राजघराण्याच्या इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला.

मोलोकाईवरील पहिली पिके जोमाने आली आणि टीकाकार चकित झाले. पण काही वर्षांतच सिंचनाचे पाणी खारट झाले. पुढे होओलेहुआच्या कोरडवाहू माळावरील अनेक पट्टेदारांनी आपल्या जमिनी अननस कंपन्यांना लागवडीसाठी दिल्या. उत्तम जमीन वगळल्याची किंमत ती हीच. तरीही वसाहती वाढल्या. हिलोजवळ केऊकाहा, ओआहूवर नानाकुली, १९३४ मध्ये पापाकोलेआ. १९५९ मध्ये हवाई राज्य झाले, तेव्हा या जमिनींची जबाबदारी राज्यावर आली. १९९० मध्ये पट्ट्यांची मुदत एकूण १९९ वर्षांपर्यंत वाढवण्याची तरतूद झाली. प्रतीक्षायादी मात्र लांबतच गेली. २०२२ मध्ये तिच्यात २८ हजारांहून अधिक नावे होती. कित्येक अर्जदार यादीत असतानाच मरण पावले. त्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने यासाठी ६० कोटी डॉलर मंजूर केले, तर १९९९ पासून चाललेला अर्जदारांचा एक जुना दावा ३२.८ कोटी डॉलरना मिटला.

पुढे पट्टेदाराच्या वारसांसाठी रक्ताची अट निम्म्यावरून पावावर आली. २०१७ मध्ये हवाईच्या विधिमंडळाने ती आणखी खाली आणण्याचा कायदा केला. त्याला अमेरिकी काँग्रेसची संमती आवश्यक असून, त्यात ठरवलेले प्रमाण आहे बत्तिसावा हिस्सा.