युद्धभूमी कागदावर उतरवणारा लेफ्टनंट

मेजावर पसरलेला चौकटींचा नकाशा, त्यावर इंचभर उंचीचे चिमुकले योद्धे, खेळाडूंच्या हाती फासे आणि निवाडा करायला एक सूत्रधार. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळांचे हे चित्र आता शहरी तरुणांना अनोळखी राहिलेले नाही. नकाशा संगणकावर आखायचा, घरच्या प्रिंटरवर छापायचा, कागद जोडायचे आणि डाव मांडायचा. या खेळाचे मूळ शोधत गेल्यास वाट दोनशे वर्षांपूर्वीच्या बर्लिनमध्ये, प्रशियाच्या तोफखान्यातील एका तरुण अधिकाऱ्यापाशी पोहोचते. गेऑर्ग हाइनरिश रुडॉल्फ योहान फॉन राइसविट्झ हे त्यांचे नाव.

राइसविट्झ यांचा जन्म १७९४ चा. युद्धाच्या खेळाचा वारसा त्यांना वडिलांकडूनच मिळाला. वडील गेऑर्ग लिओपोल्ड हे ब्रेस्लाऊ येथे सरकारी अधिकारी होते. बुद्धिबळाच्या धर्तीवरील तत्कालीन युद्धखेळांतील कृत्रिम चौकटींना फाटा देऊन त्यांनी खऱ्या भूभागाचे प्रतिरूप घडवले. डोंगर, नद्या, रस्ते आणि गावे दाखवणारे रंगीत चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून रणभूमी मांडता येई. १८१२ मध्ये त्यांनी असा एक देखणा, कप्प्यांचा मेज राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म यांना सादर केला. राजा आणि राजपुत्र त्यात रमले. परंतु तो मेज राजवाड्यापुरताच राहिला. इतकी खर्चिक वस्तू छावणीतल्या सामान्य अधिकाऱ्याच्या आवाक्यात येणे शक्यच नव्हते.

ही अडचण मुलाने ओळखली. त्यांनी जड तुकडे बाजूला सारले आणि खेळ छापील नकाशावर आणला. नकाशाचे प्रमाण १ : ८,००० ठरले, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवरच्या ८० मीटरएवढा. लाल आणि निळ्या सोंगट्याही त्याच प्रमाणात, त्या त्या तुकडीने रणांगणावर जेवढी जागा व्यापावी तेवढ्याच आकाराच्या. प्रत्येक डाव दोन मिनिटांच्या प्रत्यक्ष लढाईइतका. त्या अवधीत पायदळ किती चालेल, घोडदळ किती दौडेल, याचे हिशेब ठरलेले होते. गोळीबारातील हानी फाशांवर आणि कोष्टकांवर ठरे. दोन्ही पक्ष आपले आदेश पंचाला देत आणि शत्रूची जी तुकडी दृष्टीच्या टप्प्यात नाही, तिची सोंगटी पंच नकाशावर ठेवतच नसे. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे हे सेनापतीचे खरे संकट प्रथमच खेळात उतरले.

१८२४ मध्ये या खेळाची नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली. राजपुत्र विल्हेल्म यांनी खेळ पाहून सेनाप्रमुख जनरल म्युफलिंग यांच्याकडे शिफारस केली. म्युफलिंग स्वतः भूमापनातले जाणकार. प्रारंभी त्यांनी थंडपणेच स्वागत केले; मात्र नकाशा उलगडून सैन्य हलू लागताच त्यांचे मत पालटले. हा निव्वळ खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि सैन्याच्या साप्ताहिकातून त्यांनी त्याचा जाहीर पुरस्कार केला.

एवढे यश सर्वांनाच रुचले नाही. कनिष्ठ हुद्द्यावरील अधिकाऱ्याचे राजघराण्यातील कौतुक काहींच्या डोळ्यांत सलू लागले. १८२६ मध्ये राइसविट्झ यांना कॅप्टनपद मिळाले, पण त्याबरोबर बर्लिनपासून दूर, टोर्गाऊच्या किल्ल्यावर रवानगीही झाली. ही बढती त्यांना हद्दपारीसारखी वाटली. १८२७ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

खेळ मात्र जगला. १८५७ पासून प्रशियाच्या सेनामुख्यालयाची धुरा वाहणारे मोल्टके हे त्याचे खंदे पुरस्कर्ते होते. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सचा पाडाव केला, तेव्हा इतर देशांच्या सैन्यांचे लक्ष या नकाशांकडे वळले. पुढे हौशी मंडळींनी तो छावणीतून दिवाणखान्यात आणला. अशाच हौशी युद्धखेळांच्या वर्तुळातून आलेल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. सैन्याच्या जागी एकेक वीर आला. पंच मात्र कायम राहिला.

आजच्या छापील रणनकाशावर एक इंचाची चौकट बहुधा पाच फूट जमीन दाखवते आणि बाहुलीचा तळ तिच्यात नेमका बसावा लागतो. छापताना नकाशा किंचित जरी लहान झाला तरी योद्धे चौकटीबाहेर येतात आणि अंतरांचा हिशेब कोलमडतो. सोंगटी आणि भूमी एकाच मापाची हवी, हा राइसविट्झ यांचाच दंडक. राजाचा मेज आज बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात शोभेची वस्तू होऊन उभा आहे. मुलाचा कागदी नकाशा मात्र आजही घराघरांत नव्याने छापला जातो.