‘एकच प्याला’ रंगमंचावर आलं, तेव्हा गडकरी नव्हते!

उमरेडहून नागपूर ओलांडून वर गेलं की सावनेर लागतं. मराठीतली सर्वात गाजलेली शोकांतिका लिहिणारे राम गणेश गडकरी याच गावात गेले. तारीख २३ जानेवारी १९१९, वय अवघं ३३, आजार क्षयाचा.

जन्म १८८५ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. वडील लवकर गेले आणि कुटुंब पुण्याला आलं. कॉलेज अर्धवट सुटलं, मग किर्लोस्कर नाटक मंडळीशी नातं जुळलं. कविता लिहिताना ते ‘गोविंदाग्रज’ व्हायचे, विनोद लिहिताना ‘बाळकराम’. हो, हसवणारा आणि रडवणारा माणूस एकच!

ग्रीक शोकांतिकेत बऱ्याचदा नशीब माणसाला गाठतं. ‘एकच प्याला’तला सुधाकर मात्र हुशार वकील. अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पुढे संसार धुळीला मिळतो. नशेत त्याच्याच हातून बाळ जातं, सिंधूही जाते. शेवटी तो स्वतः विष पितो. गोड शेवटाची सवय असलेल्या प्रेक्षकांसाठी हा धक्काच होता.

गडकरींना जाऊन महिनाही झाला नव्हता. २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला. पदं वि. सी. गुर्जरांनी रचली होती, फाटक्या लुगड्यातली सिंधू झाले बालगंधर्व. ‘राजसंन्यास’ मात्र अपुरंच राहिलं.