आइन्स्टाइन आणि आकाशातली लाट

अल्बर्ट आइन्स्टाइन हे फार मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म गावी झाला. लहानपणी ते उशिरा बोलू लागले. चार-पाच वर्षांचे असताना ते आजारी पडले, तेव्हा वडिलांनी त्यांना होकायंत्र दाखवले. कसेही फिरवा, काटा उत्तरेकडेच! त्यांना फार नवल वाटले. आमच्या बाबांच्या होडीवरपण होकायंत्र आहे, पण मला कधी नवल वाटले नव्हते. आता मी रोज बघते.

मोठेपणी ते स्वित्झर्लंडमध्ये कचेरीत नोकरी करीत. १९१५ साली त्यांनी गुरुत्वाकर्षणाचे नवीन गणित मांडले. बाईंनी ते आम्हाला चादरीवर दाखवले. चौघांनी चादर ताणून धरली व मध्ये शहाळे ठेवले. चादरीला झोळ पडला. मग लिंबू सोडले, तर ते घरंगळत शहाळ्याकडेच गेले. सूर्याभोवती आकाशालाही असाच झोळ पडतो.

१९१६ साली त्यांनी लिहिले, की जड गोळे एकमेकांभोवती फिरले की आकाशात लाटा उठतात.

पुढे जर्मनीत हिटलर ज्यू लोकांना छळू लागला. आइन्स्टाइन ज्यू होते. १९३३ साली ते अमेरिकेत राहायला गेले. १९३६ साली त्यांनाच वाटले, अशा लाटा नसतातच. तसा लेख त्यांनी मासिकाला पाठवला. मासिकाने तो दुसऱ्याकडून तपासून घेतला, तर त्यात चूक निघाली. आइन्स्टाइन रागावले नि लेख परत घेतला! गणितावर लाल फुली आली की मीपण रुसते. पण नंतर त्यांना चूक कळली. १९३७ साली त्यांनी लेख दुरुस्त करून छापला.

१८ एप्रिल १९५५ रोजी ते वारले. तोवर लाट कुणालाच सापडली नव्हती.

रात्री लांबून मोठा ट्रॉलर गेला तर काळोखात दिसत नाही, पण थोड्या वेळाने आमची होडी डुलते. तसेच झाले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत लाट आली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे फिरत फिरत एकमेकांवर आदळली होती. कृष्णविवरातून उजेडसुद्धा बाहेर येत नाही, पण लाट आली. ती आइन्स्टाइनच्या गणिताशी ताडून पाहिली, तर जुळली.

आता तशी वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे. तिला चार-चार किलोमीटरचे दोन हात असतील. शास्त्रज्ञ अजूनही नव्या लाटा ताडून बघतात. एखादी जुळली नाही, तर आइन्स्टाइनचे गणितपण दुरुस्त करावे लागेल. अजून तशी सापडलेली नाही.