मेमेक्स: कधीच न बनलेली इंजिनिअरची लायब्ररी

डिजिटल लायब्ररी म्हटलं की मला आधी व्हॅनेवर बुश आठवतात. (राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याशी काही नातं नाही!) जन्म १८९०, पेशाने इंजिनिअर. एमआयटीत त्यांनी गिअर-दांड्यांवर चालणारा, समीकरणं सोडवणारा कॉम्प्युटर बनवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं युद्धसंशोधन त्यांच्या हाताखाली होतं. संशोधन ढिगाने छापलं जातंय, पण हवं ते वेळेवर सापडत नाही, हे त्यांना खटकत होतं.

जुलै १९४५ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात त्यांनी मेमेक्सची कल्पना मांडली: टेबलाएवढं यंत्र, आत मायक्रोफिल्मवर पुस्तकं. खरी गंमत साठवण्यात नव्हती. वाचताना दोन पानं जोडायची आणि ती वाट जपायची. त्यांचं उदाहरण भारी आहे. धनुष्याचा अभ्यास करणारा माणूस इतिहासातून थेट इलॅस्टिसिटीच्या तक्त्यांपर्यंत जातो. काही वर्षांनी ती अख्खी वाट मित्राला कॉपी करून देतो.

मेमेक्स बनलंच नाही. पण फिलिपिन्समध्ये नौदलातल्या डग्लस एंगेलबार्ट या रडार टेक्निशियनने तो लेख वाचला. पुढे माउसची कल्पना त्यांचीच.

बुश १९७४ मध्ये गेले. आज पेपर्स फोनवर येतात, पण आपण कुठून कुठे पोचलो ही वाट बहुतेक ॲप्स ठेवत नाहीत. नोकरीत नवीन काही शिकायला बसलो की मला नेमकी तीच हवी असते.