जेम्स विल्सन

जेम्स विल्सन (१४ सप्टेंबर १७४२ – २१ ऑगस्ट १७९८) हे अमेरिकेतील कायदेपंडित आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायाधीशांपैकी एक होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान या दोन्हींवर स्वाक्षरी करणाऱ्या सहा व्यक्तींमध्ये त्यांचा समावेश होतो.

प्रारंभिक जीवन

विल्सन यांचा जन्म स्कॉटलंडमधील फाइफ येथे शेतकरी कुटुंबात झाला. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर १७६५ च्या सुमारास ते अमेरिकेत आले. फिलाडेल्फियात जॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली त्यांनी कायद्याचा अभ्यास केला.

संविधान परिषद

१७८७ च्या संविधान परिषदेत विल्सन यांनी पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधित्व केले. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, असे त्यांचे मत होते. त्याला पुरेसा पाठिंबा मिळत नसल्याने २ जून रोजी त्यांनी पर्याय सुचवला: राज्यांची जिल्ह्यांत विभागणी करावी, मतदारांनी निर्वाचक निवडावेत आणि निर्वाचकांनी राष्ट्राध्यक्ष. तो प्रस्तावही फेटाळला गेला. सप्टेंबरमध्ये परिषदेने निर्वाचकांची पद्धत स्वीकारली. मात्र निर्वाचक कसे नेमायचे हे ठरवण्याचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना दिला. राज्याच्या निर्वाचकांची संख्या त्याच्या काँग्रेसमधील एकूण सदस्यांइतकी ठरली. प्रतिनिधिगृहातील जागांसाठी गुलामांची तीन-पंचमांश गणना करण्याचा प्रस्ताव विल्सन यांनीच मांडला होता. त्यामुळे मताधिकार नसलेल्या गुलामांच्या संख्येवर दक्षिणेकडील राज्यांचे निर्वाचक वाढले.

परिणाम

पहिल्याच निवडणुकीत पेनसिल्व्हेनियात जनतेने, तर कनेक्टिकटमध्ये विधिमंडळाने निर्वाचक निवडले. दक्षिण कॅरोलिनात विधिमंडळाकडील हा अधिकार १८६० पर्यंत टिकला. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिशिगनची जिल्हानिहाय निवड वैध ठरवून विधिमंडळांचा अधिकार मान्य केला. सध्या मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये काही निर्वाचक मतदारसंघनिहाय निवडतात.

न्यायाधीशपद व अखेर

१७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्यांची सर्वोच्च न्यायालयात नियुक्ती केली. १७९३ च्या चिझम विरुद्ध जॉर्जिया खटल्यात, दुसऱ्या राज्याचा नागरिक राज्यावर दावा लावू शकतो, या निर्णयाच्या बाजूने त्यांनी मत दिले. राज्यांच्या विरोधामुळे अकरावी घटनादुरुस्ती होऊन तो निर्णय निष्प्रभ झाला. जमिनीच्या सट्ट्यात कर्जबाजारी झालेल्या विल्सन यांना न्यायाधीश असतानाच तुरुंगवास घडला. उत्तर कॅरोलिनातील ईडेंटन येथे त्यांचे निधन झाले. १९०६ मध्ये त्यांचे अवशेष फिलाडेल्फियातील क्राइस्ट चर्च येथे आणण्यात आले.