साने गुरुजी : उघड्या पत्रांचा धनी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरची परिस्थिती खालावलेली. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण करावी लागली. आईच्या अखेरच्या क्षणी ते तिच्याजवळ नव्हते. दूर असलेल्या माणसाची ओढ त्यांनी अशी लहानपणीच सोसली.

१९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छापखाना नव्हता, पण आपल्यासाठी कोणीतरी कष्टाने लिहिले आहे, हे मुलांना दिसत असे.

१९३० साली नोकरी सोडून त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. त्यात पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे येत. पुढे ती 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूप झाली. पत्र एका मुलीला. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ते आपलेच वाटावे! ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. पत्रे मात्र राहिली.

पोस्टकार्डही असेच उघडे असते. १८७९ साली ते पाव आण्यात सुरू झाले आणि गरिबाची खुशाली घरोघर पोचू लागली. आज आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत खानदेश, मराठवाड्यातून आलेले कामगार पाळी संपली की घरी फोन लावतात. आवाज ऐकू येतो, जीव निवतो. पण फोन ठेवला की हाती काही उरत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गावी जुनी कार्डे अजून तारेला ओवलेली आहेत. आजीला अक्षरओळख नाही, तरी कोणते कार्ड कोणाचे हे ती नुसत्या वळणावरून सांगते.

मित्रमैत्रिणींनो, परीक्षेच्या धांदलीतही घरी एक कार्ड टाकायला काय हरकत आहे?